त्याला कन्नड वाचता येत नव्हतं

आपल्याकडची बहुतेक भुतं तरुण आहेत. मुंजा घ्या. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला, असा पोरगा. पिंपळावर राहतो, पाराभोवती फिरतो, विहिरीत डोकावतो. म्हातारा मुंजा कुणी पाहिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. हडळही बहुतेक तशीच, ओल्या अंगानं गेलेली. ही नावं ज्या काळात रुजली त्या काळात पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी होत असे? सोळाव्या, अठराव्या. फार तर विसाव्या. संसार सुरू झालाय न झालाय तोवर उठून गेलेल्या या मुली. धनावर बसलेला एखादा समंध सोडला, तर पिकलं पान गळून भूत झाल्याची उदाहरणं शोधावी लागतात. सत्तरीचे आजोबा गेले की त्यांचे पितर होतात. त्यांना वर्षातून एकदा वडी-खीर मिळते, कावळा शिवतो, घर निर्धास्त होतं. मागं राहतात ती वीस-बावीस वर्षांची पोरं.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यात गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून लोकांच्या समजुती गोळा करवल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते कागदांचे गठ्ठे मागं राहिले. पुढं एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्यानं ते नीट लावून छापले, कोकणाचा भाग १९१५ मध्ये. मुंजा कुठं बसतो, हडळ पुढून कशी दिसते आणि पाठीमागून कशी, हे सगळं त्यात मास्तरांच्या तोंडून आलेलं आहे. आपलं बेळगावही तेव्हा त्याच इलाख्यात होतं. मी ते वाचत गेले ते माझ्या कादंबरीसाठी, आणि वाचता वाचता भुतांचं वय डोळ्यांत भरलं. तिथून पुढं कादंबरी सरळ चालायला लागली.

कादंबरी प्रेमाची आहे. तिच्यातली मुलगी एकवीस वर्षांची, मुलगा तेवीसचा. आणि तिच्यात भूत आहे.

इंग्रजीत या वयाच्या गोष्टींसाठी वेगळा कप्पा झाला, ‘न्यू अ‍ॅडल्ट’ नावाचा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेसनं अशी हस्तलिखितं मागवली आणि तेव्हापासून हे नाव चाललं. शाळा संपलेली, घर सुटलेलं किंवा सुटायला आलेलं, पहिला पगार, पहिली भाड्याची खोली, पहिल्यांदा कुणाचा तरी हात आपणहून धरणं. साधारण अठरा ते पंचवीस. मराठीत असा कप्पा कुणी जाहीर केला नाही, पण वाचणाऱ्या पोरींनी तो स्वतःच केलाय. खानापूरहून सकाळी बेळगावला येणाऱ्या गाडीत, जांबोटीकडून येणाऱ्या बशीत, कॉलेजच्या पोरी मोबाईलवर काय वाचत असतात ते एकदा शेजारी बसून बघावं. प्रतिलिपी या अ‍ॅपवरच्या मराठी प्रेमकथा असतात, भागाभागानं येणाऱ्या. ही कंपनी २०१४ पासूनची आणि बेंगळूरची. म्हणजे मराठी पोरीचं प्रेमाचं वाचन बेंगळूरहून येतंय, आणि सीमाभागात त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला ते फार आवडतं. त्या कथांत भूत, पुनर्जन्म, शाप, आरशात दिसणारा कुणीतरी, हे इतकं सहज येतं की ते बाहेरून आणलेलं आहे असं म्हणायला जीभ वळत नाही. आपल्याच पिंपळावरून ते उतरलेलं आहे.

एका गावातल्या साहित्य संमेलनात मला एका ज्येष्ठ लेखकांनी जेवणाच्या पंगतीत विचारलं होतं, “सीमाभागात लिहिण्यासारखं एवढं पडलंय, आणि तुम्ही भूत काय लिहायला घेतलंय?” कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी आपल्याकडची गावं थंडीत स्वतःच्या बळावर मराठी संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडी काढतात, आलेल्या सगळ्यांना जेवू घालतात. त्या पंगतीत हा प्रश्न निघावा हे साहजिक आहे. विचारणाऱ्या माणसानं मोर्चे बघितलेत, लाठ्या बघितल्यात. मी त्यांना तेव्हा एवढंच म्हटलं की पोरगा हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडचा आहे आणि पोरगी अलीकडच्या खानापूर तालुक्यातली. ते हसले. पण उत्तर त्याहून मोठं होतं, ते इथं लिहिते.

मे १९४६ मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या मांडवात झाला, आणि आपल्या भागातल्या पोराबाळांनाही तो पाठ आहे. त्याच १९४६ मध्ये इंदिरा संतांचे पती ना. मा. संत गेले. दोघांची ओळख पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातली, दोघांच्या कवितांचं एक पुस्तकही एकत्र निघालेलं. त्यानंतर इंदिराबाई २००० सालापर्यंत जगल्या. बेळगावात शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत राहिल्या, मुलं वाढवली, आणि ‘शेला’पासून ‘गर्भरेशीम’पर्यंत जे लिहिलं त्यातलं केवढं तरी एका नसलेल्या माणसाशी चाललेलं बोलणं आहे. समोर कुणी नाही हे पक्कं ठाऊक असताना ‘तू’ म्हणून बोलणं. आपल्या गावात त्या एकाच वर्षी दोन गोष्टी सुरू झाल्या आणि दोन्ही पुढं पन्नास-पन्नास वर्षं चालल्या. एकीसाठी आपण दरवर्षी १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधतो. दुसरी एका बाईनं टेबलाशी बसून एकटीनं चालवली. सीमाभागाचं लिहिणं म्हणून मी दोन्हीकडं बघते, आणि माझी कादंबरी दुसऱ्या वाटेनं जाते.

आता कादंबरीचं सांगते.

पोरगी बेळगावात शिकायला आलेली. घर जांबोटीच्या पुढं, पावसात रस्ता बंद पडतो असं. शहापुरात एका कन्नड अज्जीच्या घरी माडीवरची खोली तिनं भाड्यानं घेतलेली. बी. कॉम.चं शेवटचं वर्ष, संध्याकाळी खडेबाजारात साडीच्या दुकानात हिशेब लिहायचं काम. पोरगा चंदगड तालुक्यातला, डिप्लोमा करून उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागात एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात लागलेला. दोघं भेटतात सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या बसस्टँडवर. तो तिथं नवा आहे, बसवरची पाटी कन्नडमधली, आणि हा महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेला. तो शेजारी उभ्या मुलीला विचारतो, “ही खट्टे जाते?” तिची एक मावशी चंदगडकडे दिलेली, त्यामुळं ‘खट्टे’ ऐकून तिला हसू फुटतं. मराठी शाळेत शिकली तरी कन्नड हा विषय तिला होताच, कर्नाटकातल्या सगळ्या मराठी पोरांना असतो तसा. ती पाटी वाचून सांगते. पुढं कित्येक दिवस तो पाटी कळायला लागली तरी तिलाच विचारत राहतो. बेळगावपासून शिनोळीची हद्द दुचाकीनं जरा वेळाच्या अंतरावर. माणसं दोन्हीकडची एकच, सोयरीक दोन्हीकडं, भात तेच, माती तीच. पण एकाला ‘उद्यमबाग’ वाचता येतं आणि एकाला येत नाही. राज्यांची फेरआखणी झाली त्या १ नोव्हेंबर १९५६ नं घडवलेला एवढासा फरक मला प्रेम सुरू करायला पुरला.

आणि तो जातो. शनिवारी दुसरी पाळी संपवून गावाकडं निघालेला असताना, हद्दीजवळचं बाची गाव ओलांडल्यावर, पावसात. ते मी लिहिलेलं नाही. अपघाताचं वर्णन कादंबरीत कुठंच नाही, आणि घालणारही नाही. तिला ते कळतं मंगळवारी, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या फोनवरून. तोवर सगळं आटोपलेलं असतं.

इथं मला जे लिहायचं होतं त्याला भूत लागतंच. बायको असती तर तिला सुतक असतं. दहा दिवस घरातली माणसं भोवती असती, शेजारणी भात घेऊन आल्या असत्या, रडायला एक ठरलेली जागा मिळाली असती, दहाव्याला कावळा शिवतोय का म्हणून तिनंही नदीकाठी मान वर करून बघितलं असतं. आईला सुतक, चुलत्याला सुतक, वर्षानुवर्षं न भेटलेल्या भावकीलाही सुतक. एकवीस वर्षांच्या या पोरीला काही नाही. तिचं नातं कुणाच्या तोंडात नाही, कुठल्या कागदावर नाही. मंगळवारी तिला दुकानात जाऊन हिशेब लिहावा लागतो. बुधवारी इंटर्नलची परीक्षा असते. लग्नाआधीच्या प्रेमाला आपल्याकडं पूर्वी जागा नव्हती, आता बऱ्याच घरांत थोडी झालीय. त्या प्रेमातल्या मरणाला मात्र अजून कुठंच नाही. मी शिकवायचे तेव्हा वर्गात एक मुलगी होती. तिच्या बाबतीत असं झालेलं मला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ती मागच्या बाकावर बसून रोजच्यासारखी वही उतरवून घेत होती. तिच्याविषयी याहून जास्त लिहिणार नाही. पण ती वही उतरवून घेणारी मान मला कादंबरीभर दिसत राहिलीय.

पोरगा अर्ध्यावर गेलेला, म्हणून तो भूत होतो. आणि पोरीला निरोप द्यायला कुणी बोलावलेलं नाही, म्हणून तो तिच्याकडं येतो. आईकडं जात नाही, शिनोळीच्या रस्त्यावर उभा राहत नाही. आईला तिचे दहा दिवस मिळालेत.

तो रात्री येतो, दुसरी पाळी सुटायच्या वेळेनंतर. आधी वास येतो, जळक्या वाळूचा आणि कोळशाच्या भुकटीचा. मग जिन्याची तिसरी पायरी वाजते, मग हाक. अज्जी खाली झोपलेली असते, पण म्हाताऱ्या माणसाची झोप. तिला ऐकू येतं. ती पोरीला सांगते, “रात्री कोण हाक मारलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायचं नाही बाळ. तीन हाका होऊ दे.” भुताला तिसरी हाक मारता येत नाही हा विश्वास आपल्याकडं घरोघरी आहे, मराठी घरात आणि कन्नड घरातही. हा पोरगा तीनदा हाक मारतो. चारदाही मारतो. अज्जी घाबरते आणि सकाळी खडू घेऊन दारावर कन्नडमध्ये लिहिते, ‘नाळे बा’.

कर्नाटकात वाढलेल्या कुणालाही हे सांगायला नको. १९९० च्या दशकात बेंगळूरकडं ही आवई उठली होती. रात्री एक बाई दारं ठोठावते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते, आणि दार उघडणारा वाचत नाही. मग लोकांनी दारांवर, भिंतींवर लिहायला सुरुवात केली, ‘नाळे बा’, उद्या ये. ती येते, वाचते, परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते. एका सांगण्यात ती नवी नवरी आहे, नवऱ्याला शोधत दारोदार फिरणारी. पुन्हा तेच वय. या गोष्टीत लोकांना भीती दिसते. मला त्यात भुताचा शहाणपणा दिसतो. दाराला साधी कडी आहे, तिला मोडता येईल. पण लिहिलेलं ती मानते. कुणीतरी आपल्याला ‘ये’ म्हटलंय, आज नाही पण ‘ये’ म्हटलंय, एवढ्यावर ती एक रात्र काढते. प्रेमात पडलेल्या वीस वर्षांच्या कुठल्याही पोराला विचारा, एवढ्यावर रात्र निघते.

अज्जी लिहिते आणि निश्चिंत झोपते. रात्री वास येतो, पायरी वाजते, हाक येते, आणि पोरगा दारातून आत येतो. कारण त्याला कन्नड वाचता येत नाही.

हे प्रकरण लिहिताना मी खूप वेळ खुर्चीतून उठले नव्हते. पोरगी पलंगावर बसलीय, दारावरची अक्षरं तिला बाहेरच्या बाजूनं नीट ठाऊक आहेत. तिला त्यांचा अर्थ लागतो, त्याला लागत नाही. पहिल्या भेटीत जे होतं तेच आता पुन्हा झालंय. फक्त या वेळी तो विचारत नाही आणि ती पाटी वाचून सांगत नाही. मग पावसाळाभर तो येत राहतो, मृगापासून हस्तापर्यंत. आणि अज्जी रोज सकाळी पुसट झालेली अक्षरं पुन्हा गिरवते.

त्याचं येणं कसं असावं यावर मी फार वेळ घालवला. परक्या गोष्टींतल्या भुतांचे हात थंड असतात. माझा पोरगा भट्टीवरून आलेला आहे, त्याचे हात गरम असणार. तळव्याला घट्टे, नखांत काळी वाळू. शरीराचं लिहायला मी कचरत नाही, कारण या वयाच्या प्रेमातून शरीर वगळलं तर ते खोटं होतं. पण तो गेल्यानंतरच्या प्रकरणांत मी फक्त हात ठेवलेत. ती रोज रात्री त्याची नखं साफ करते, सेफ्टी पिनेच्या टोकानं, एकेक बोट धरून. वाळू रुमालावर पडते. सकाळी रुमाल स्वच्छ असतो. पुढच्या रात्री नखांत पुन्हा तेवढीच वाळू.

ही वाळू खरी असावी म्हणून मी उद्यमबागेत गेले. बेळगावची फौंड्री दूरवर प्रसिद्ध आहे, पण शहरातल्या आपल्यासारख्यांनी ती आतून बघितलेली नसते. ओळखीनं एका शेडमध्ये दिवसपाळीला उभं राहायला मिळालं. वाळू काळी असते, तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळलेलं. हातात घेऊन मूठ दाबली की बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटतात. लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न, म्हणजे हव्या त्या वस्तूच्या आकाराचा नमुना, बॉक्समध्ये ठेवतात, वर वाळू घालून ठोकून ठोकून बसवतात. मग पॅटर्न उचलायचा. हे काम बघण्यासारखं असतं. एक जण पॅटर्नला बारीक बारीक ठोके देऊन तो वाळूतून सैल करत होता, मग श्वास धरून त्यानं तो सरळ वर घेतला. कड मोडली नाही. खाली पॅटर्नच्या आकाराची पोकळी राहिली, त्याच्या कंगोऱ्यासकट, त्यावरच्या नंबरासकट. “वस्तू हितनं तयार होत्या मॅडम,” तो म्हणाला, “पॅटर्नातनं नव्हं. हितनं.” आणि त्या पोकळीकडं बोट दाखवलं. लोखंड तिथं ओततात, साधारण १३५० ते १४०० अंशांना.

त्याच माणसानं आणखी एक सांगितलं. ओतलेलं लोखंड थंड होताना शंभरात सुमारे एक भाग आटतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा तेवढा मोठा करावा लागतो. पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच वेगळी असते. मी घरी येऊन पहिल्या भागातलं एक प्रकरण पाडलं आणि नव्यानं लिहिलं. त्यात पोरगा तिला हे समजावून सांगतो, टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटजवळ गाडी जायची वाट बघत उभे असताना. तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटत नाही. ती म्हणते, “म्हंजे तुमी मुद्दाम मोठं करताय.” तो म्हणतो, “केलं न्हाई तर बारकं पडतंय.” नंतर, तो गेल्यावर, तिला तो आठवतो तेव्हा जरा उंच आठवतो, जरा जास्त हसरा. ते तिच्या लक्षात येतं. त्याची उंची नेमकी किती होती हे तिला आता कुणाला विचारता येत नाही. वाळूतली पोकळी एवढीच उपमा मी सगळ्या कादंबरीत वापरलीय, आणि तीही त्याच्या तोंडून आली म्हणून.

मधल्या भागावर मी भराभर लिहून गेले. परीक्षा, दुकान, घरी बघायला आलेलं स्थळ. बघण्याचा कार्यक्रम प्रत्येक मराठी वाचणाऱ्याच्या डोक्यात तयार असतो, तो मी दोन पानांत उरकला. गावी आई अंगारा लावते, भगताकडं नेते, बाहेरचं काही आहे का म्हणून तांदळाचे दाणे मांडले जातात, अमावास्येला तिठ्यावर उतारा जातो. ते सगळं मी आदरानं लिहिलंय. आईपाशी पोरीचं दुःख ओळखायला तेवढीच भाषा आहे, आणि ती आई आपल्या भाषेत बरोबर ओळखते की पोरीला कुणीतरी धरलंय. पण उतारा त्याला लागू होत नाही. तो तिठ्यावर राहतच नाही.

पुढं एक दिवस येतो तो नोकरीचा. पुण्यात एक जागा, बेंगळुरात एक. सीमाभागातल्या पोरांपुढं हे दोन रस्ते नेहमीच असतात. पुण्याला गेलं तर मराठी चालते, पण ‘कर्नाटकातली का तुम्ही?’ हे ऐकावं लागतं. बेंगळूरला गेलं तर आपलं राज्य, आणि तिथं आपलं कन्नड बेळगावी म्हणून ओळखलं जातं. पोरगी दोन्हीकडं मुलाखतीला जात नाही. रात्री घर सोडून राहायचं म्हणजे तो येईल आणि दार बंद असेल. ती खोलीला बांधली गेलीय. दुकानातही चुका व्हायला लागतात. आणि तिला कळतं की हे असंच चालू राहील, कारण दारावर लिहिलेलं त्याला कधीच वाचता येणार नाही. थांबवायचं तर तिला स्वतःला मराठीत लिहावं लागेल. तिच्या अक्षरात, जे तो ओळखतो.

पहिल्या खर्ड्यात मी तिला ‘येऊ नकोस’ लिहायला लावलं होतं. माझ्या एका मैत्रिणीनं ते वाचलं, ती निपाणीची, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईची मुलगी, आता शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती म्हणाली, “हे तू तुझ्या वयाची लिहिलीस गे. एकवीसची पोरगी असं लिहील काय?” तिचं खरं होतं. एकविसाव्या वर्षी आपण कुणालाच असं लिहीत नाही. मग पोरीनं अज्जीकडून खडू मागून घेतला आणि कन्नड अक्षरांच्या खाली मराठीत लिहिलं, ‘उद्या ये’.

त्या रात्री वास येतो. पायरी वाजते. हाक येत नाही. तो दारापुढं थांबतो, तिला दाराखालच्या फटीत अंधार जास्त गडद झालेला दिसतो. मग पायऱ्या उलट्या क्रमानं वाजतात. जाताना त्याची पावलं ऐकायची तिची ही पहिलीच वेळ. आजवर तो येताना ऐकू यायचा आणि पहाटे नुसता नसायचा. हे मी सावकाश लिहिलंय, एका रात्रीला पूर्ण प्रकरण दिलंय. ती ओढ लागून दार उघडते, जिन्यात कुणी नसतं. ती परत येऊन कडी लावते, आणि खूप रात्रींनी पहिल्यांदा झोपते.

पुष्कळ भूतकथांच्या शेवटी मुक्ती असते. अस्थी सापडतात, विधी होतो, प्रकाश येतो, आत्मा निघून जातो. मला तो शेवट मान्य नाही. तो मागं राहणाऱ्यांच्या सोयीचा असतो. तेवीस वर्षांच्या पोराला मुक्ती कशाला हवी असेल? त्याला दुचाकीचा हप्ता फेडायचा होता, आईला पंढरपूरला न्यायचं होतं, या पोरीला घेऊन कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघायला जायचं होतं. त्याला जगायचं होतं. माझ्या कादंबरीत तो शांत होत नाही. तो रोज येतो, वाचतो, परत जातो, आणि ती हळूहळू मुलाखतीला जाण्याइतकी बरी होते. ती पुणं घेते की बेंगळूर, हे मी ठरवलंय, पण इथं सांगत नाही. खोली सोडताना दारावरचं पुसायचं की ठेवायचं, यावर अज्जी आणि तिचं बोलणं होतं. अज्जी मोडक्या मराठीत आणि ती मोडक्या कन्नडमध्ये, दोघी एकमेकींच्या भाषेत बोलतात. ते प्रकरण मला सगळ्यात सोपं गेलं, कारण अशी बोलणी ऐकत मी इथंच लहानाची मोठी झालेय.

एक गोष्ट मात्र अजून अडलीय. रोज ‘उद्या ये’ वाचून तो परत फिरतो, मग उरलेली रात्र कुठं काढतो? गावाकडं जात नाही हे नक्की, त्या रस्त्यावरून तो पुन्हा जाणार नाही. माझा अंदाज आहे तो फौंड्रीत जातो. तिसऱ्या पाळीला, भट्टीच्या उजेडात, आपल्याबरोबरच्या पोरांमध्ये कुठंतरी कडेला उभा राहतो. पण रात्रीची ओतणी मी बघितलेली नाही. त्या वेळी शेडमध्ये उजेड कुठवर जातो, माणसं एकमेकांना हाका कशा मारतात, कडेला उभं राहायला जागा असते का, हे बघितल्याशिवाय ते पान लिहिता येणार नाही. मागं ज्यांनी शेड दाखवली होती त्या सुपरवायझरना काल फोन केला. त्यांना कादंबरीचं सांगितलं, भुताचंही सांगितलं. ते म्हणाले, “या की मॅडम, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी हाय. फकस्त चप्पल घालून येऊ नकासा. बूट लागतात.”